तांबडी वाइन आणि तिचा मुलूख : रिओहा ते नाशिक

एखाद्या मुलखात पिकलेल्या वस्तूला त्या मुलखाचेच नाव मिळावे आणि पुढे ते नाव देशोदेशींच्या बाजारात त्या वस्तूच्या गुणांची हमी म्हणून चालावे, ही घटना वरवर पाहता निसर्गाच्या कृपेची वाटते. परंतु तिचा इतिहास खोलात जाऊन पाहिला म्हणजे माती, पाणी आणि ऊन यांच्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच वाटा तिच्यात कायद्याचा, जकातीचा, रस्त्यांचा, भांडवलाचा आणि माणसांच्या धीराचा असतो, हे ध्यानात येते. स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यात वसलेला रिओहा हा प्रदेश आणि तेथील तांबडी वाइन हे याचे ठळक उदाहरण होय. आपल्याकडे नाशिक जिल्ह्याने गेल्या पंचवीस वर्षांत याच वाटेवर पाऊल टाकले आहे. ते पाऊल कोठवर पडले आणि पुढे कोठे पडावयास हवे, या प्रश्नाचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

सुरतेहून हा विषय न्याहाळण्यास विशेष कारण आहे. नवसारी, वघई, सापुतारा असा घाट चढून वणी-दिंडोरीच्या पठारावर येणारा रस्ता अडीचशे किलोमीटरांच्या आतबाहेर नाशिकला पोहोचतो. चैत्रात सप्तशृंगीच्या दर्शनास सुरतेहून निघणारे यात्रेकरू ज्या द्राक्षबागांच्या कडेने जातात, त्यांतील काहींचे पीक बाजारच्या पेटीत न पडता वाइनच्या टाकीत जाते. एकाच डोंगररांगेच्या एका अंगास दारूबंदीचा अंमल आणि दुसऱ्या अंगास वाइनच्या धंद्यास सरकारी उत्तेजन, ही स्थिती उधना-लिंबायतेत वसलेल्या खानदेशी मराठी कुटुंबांना तर रोजच्या परिचयाची आहे, कारण त्यांचे गाव त्या बाजूला आणि त्यांची रोजी या बाजूला. अशा ठिकाणाहून पाहणाऱ्याला या धंद्याचे गुण आणि त्याची नैतिक किंमत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दृष्टीआड करता येत नाहीत.

सुरतेची वखार आणि आबकारी

युरोपीय वाइनशी सुरतेची ओळख जुनी आहे. 1613 मध्ये इंग्रजांना येथे वखार घालण्याची सनद मिळाली आणि थोड्याच वर्षांत डचांचीही वखार उभी राहिली. 1638 मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने इंग्रज वखारवाल्यांच्या बागेतील मेजवान्यांचे वर्णन करताना ‘सॅक’ या पेयाचा उल्लेख केला आहे. हे सॅक म्हणजे स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याकडून आणि कॅनरी बेटांतून इंग्लंडात जाणारी कडक पांढरी वाइन. 1689 मध्ये येथे आलेला पाद्री ओव्हिंग्टन वखारीच्या मेजावरील युरोपीय वाइनबरोबर इराणातील शिराझच्या वाइनचाही निर्देश करतो. म्हणजे स्पेनची वाइन सतराव्या शतकातच सुरतेच्या बंदरात उतरली होती. परंतु ती तांबडी नव्हती आणि रिओहाचीही नव्हती. समुद्राजवळच्या प्रांतांचा माल सहज गलबतांवर चढे, डोंगराआडच्या रिओहाला मात्र बंदराची सुगम वाट मिळण्यास अद्याप दोन शतकांचा अवकाश होता.

वखारीच्या मेजावरील हे पेय मूठभर परदेशस्थांचे होते. गावोगावच्या रयतेचा संबंध होता तो ताडीशी आणि मोहाच्या दारूशी. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने या पेयांवर सरकारी नियंत्रण कसले गेले, ताडीच्या झाडांवर कर बसला, दारू गाळण्याचे काम मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले आणि सुरत जिल्ह्यातील आदिवासी शेतकरी दारूच्या दुकानदाराचाच ऋणको होऊन बसला. या अवस्थेविरुद्ध 1922 च्या अखेरीस जी देवीची चळवळ उठली, ती पालघरच्या किनाऱ्यावरील कोळीवस्त्यांतून निघून बागलाण-डांगाच्या वाटेने सुरत जिल्ह्यात आली, आणि हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडून दुकानदारांवर बहिष्कार घातला. मराठी मुलखातून गुजराती मुलखात आलेली ही लोकचळवळ गांधीजींच्या मद्यनिषेधाला येथे सुपीक भूमी देऊन गेली. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मुख्य भाग वैध ठरविला. आणि 1 मे 1960 रोजी द्विभाषिक राज्याची विभागणी झाल्यावर महाराष्ट्राने तो कायदा परवान्यांच्या मार्गाने सैल केला, गुजरातने मात्र तो कसोशीने राखला. 2023 च्या अखेरीस गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती मुभा देण्यात आली, तरी उर्वरित राज्यात मूळ धोरण कायम आहे. हा इतिहास विसरून वाइनविषयी लिहिणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

रिओहा : एका नावाची घडण

रिओहाच्या उत्तरेस कांताब्रियाची डोंगररांग उभी आहे, ती अटलांटिक महासागराकडून येणारे थंड, ओले वारे अडवते; पूर्वेकडे एब्रोच्या खोऱ्यातून भूमध्य समुद्राची ऊब वर सरकते. या दोन हवामानांच्या सीमेवर अल्ता, अलावेसा आणि ओरिएन्ताल असे तीन विभाग आहेत. एकूण सुमारे 65,000 हेक्टरांवर पसरलेल्या या बागांत चुनखडीमिश्रित माती, लोहयुक्त तांबडी माती आणि नदीचा गाळ असे तिन्ही प्रकार आढळतात. तेथील मुख्य वाण टेम्प्रानियो; त्याच्या जोडीला गार्नाचा, ग्रासियानो आणि माझुएलो. टेम्प्रानियो लवकर पिकतो, त्याची साल जाड असते आणि त्याच्या वाइनला ओक लाकडाचा सहवास मानवतो.

परंतु अठराव्या शतकापर्यंत याच मातीतील याच द्राक्षांची वाइन वर्षभरात आंबट होत असे आणि जवळच्या बाजारापलीकडे टिकत नसे. लाबास्तिदा गावचा मान्वेल किन्तानो हा धर्मगुरू फ्रान्समधील बोर्डो येथे जाऊन पिंपात वाइन मुरविण्याची रीत शिकून आला. त्याची वाइन समुद्रापार क्यूबापर्यंत सुस्थितीत पोहोचली. मात्र मुरविलेल्या वाइनला साध्या वाइनइतकाच भाव मिळावा, असा अधिकाऱ्यांचा हुकूम सुटला आणि पिंपांचा व काळाचा खर्च अंगावर पडलेल्या किन्तानोचा प्रयत्न तेथेच खुंटला. ज्या मातीने पुढे जग जिंकले, तिला सरकारी दराच्या एका ओळीने अर्धशतकाहून अधिक काळ रोखून धरले, ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांनी मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. 1852 च्या सुमारास मुर्रिएता यांनी आणि 1858 मध्ये एल्सिएगो येथे मार्केस दे रिस्काल यांनी बोर्डोच्या धर्तीवर पेढ्या उभारल्या. 1862 मध्ये अलावा प्रांताच्या सरकारनेच जाँ पिनो या फ्रेंच तज्ज्ञास शेतकऱ्यांना शिकविण्यासाठी नेमले आणि तो करार संपल्यावर रिस्काल यांनी त्यास आपल्याकडे ठेवून घेतले. 1863 मध्ये तुदेला-बिल्बाओ लोहमार्ग पूर्ण झाल्याने एब्रोचे खोरे बिस्केच्या उपसागराशी जोडले गेले. त्यानंतर फ्रान्सच्या बागांवर फिलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड कोसळली, बोर्डोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज ओलांडून आले, 1882 च्या फ्रान्स-स्पेन तहाने जकात उतरली, आणि आरो गावच्या रेल्वे स्थानकाभोवती एकामागून एक कोठारे उभी राहिली. त्यांतील लोपेस दे एरेदिया (1877) आणि कुने (1879) आजही त्याच जागी नांदत आहेत. शतकाच्या अखेरीस तीच कीड रिओहातही शिरली आणि अमेरिकन खुंटावर कलम करून साऱ्या बागा नव्याने लावाव्या लागल्या. पण तोवर विद्या, लोहमार्ग आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी मुलखाच्या पदरात पडल्या होत्या.

कीर्ती आली की नक्कल येते. 1925 मध्ये रिओहाच्या नावास कायदेशीर संरक्षण लाभले, पुढल्याच वर्षी नियामक मंडळ स्थापन झाले, आणि 1991 मध्ये स्पेनमधील सर्वोच्च श्रेणी प्रथम याच प्रदेशास मिळाली. आज सामान्य नियमानुसार ‘क्रियान्सा’ म्हणविणारी तांबडी वाइन किमान दोन वर्षे मुरावी लागते आणि त्यांतील एक वर्ष ती पिंपात असावी लागते. ‘रेसेर्वा’स तीन वर्षे, ‘ग्रान रेसेर्वा’स पाच वर्षे, पैकी दोन पिंपात आणि दोन बाटलीत. ही पिंपे ओक लाकडाची, बहुधा 225 लिटरांची; अमेरिकन ओकाने येणारा व्हॅनिलासारखा गंध ही रिओहाची जुनी खूण आहे. प्रत्येक बाटलीवर मंडळाचा क्रमांकित शिक्का असतो. बाटल्या त्या मुलखातच भराव्यात या नियमास बेल्जियमने युरोपीय न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा 2000 मध्ये न्यायालयाने रिओहाच्या बाजूने कौल दिला. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की मंडळाच्या कारभारात बागायतदार आणि वाइन करणारे या दोन्ही पक्षांची मते समसमान आहेत.

हा मुलूख निष्कंटक आहे असे नव्हे. 2015 मध्ये आर्तादी या नामांकित पेढीने मंडळाचा त्याग केला, कारण विस्तीर्ण प्रदेशाच्या एकाच नावाखाली एकेका शिवाराचे वैशिष्ट्य झाकले जाते, अशी तिची तक्रार होती. 2017 मध्ये विशिष्ट बागेचे नाव लावण्याची मुभा देऊन मंडळाने त्या तक्रारीत तथ्य असल्याचे एका परीने मान्य केले. तांबड्या वाइनची मागणी घटल्यामुळे 2023 मध्ये शिलकी वाइनचे ऊर्ध्वपातन करून ती बाजारातून काढून घेण्याची वेळही आली. शंभर वर्षांच्या नावालाही अतिरिक्त पिकापासून अभय नाही, हे यावरून दिसते.

नाशिक : पंचवीस वर्षांची कमाई

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा आरंभ 1980 च्या दशकात नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने केला. त्यांची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी गेली, परंतु पुढे कर्जाच्या बोजाखाली तो उद्योग कोसळला. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर ‘सुला’ या वाइनरीची स्थापना 1999 मध्ये केली, कॅलिफोर्नियाचे तज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन घेतले, आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सूट दिली, नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस येथे वाइन पार्क उभारले. मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वाइनरी निघाल्या, अकलूजला मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन भागीदारांसह फ्रातेल्ली सुरू केली, शांदों ही फ्रेंच पेढी दिंडोरीत आली, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, आणि डिसेंबर 2022 मध्ये सुलाचे समभाग बाजारात आले. रिओहाचा टेम्प्रानियोही या मातीत रुजला आहे: दिंडोरी तालुक्यातील चारोसा वाइनरीच्या बागेतून त्याची स्वतंत्र वाइन निघाली.

तथापि नाशिकचा निसर्गक्रम रिओहाहून मुळातच भिन्न आहे. रिओहा साधारण 42 अंश उत्तर अक्षांशावर. तेथे हिवाळ्यात वेल झोपी जाते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड होते. नाशिक 20 अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर; येथे वेलीला झोप नाही, म्हणून ती कात्रीने घडवावी लागते. एप्रिलात खरड छाटणी करून बागायतदार काडी तयार करून घेतो, पावसाळ्यात केवडा आणि करपा यांच्याशी झुंजतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून घड धरतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड करतो. रिओहात पीक थंडीकडे वाटचाल करीत पिकते, नाशिकमध्ये ते उन्हाळ्याकडे वाटचाल करीत पिकते. यात साऱ्या भेदाचे मर्म आहे. तांबड्या वाणांना सालीतील रंग आणि तुरटपणा परिपक्व होण्यास वेळ हवा असतो, आणि तो वेळ देता देता फेब्रुवारीचे ऊन साखर वाढवून आंबटपणा उतरवीत असते. तांबडी वाइन सालीसकट आंबवली जात असल्याने सालीतील प्रत्येक उणीव तिच्यात उतरते. पांढरी वाइन द्राक्षे लवकर तोडून सावरता येते, तांबडीला ती सवलत नाही. म्हणून नाशिकच्या शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइन आधी नावारूपाला आल्या. तांबड्यांत शिराझने चांगली साथ दिली, आणि तेथेही यश मिळाले ते एकरी उतारा आवरून धरणाऱ्यांना.

उतारा आवरणे ही गोष्ट बोलण्यास सोपी आणि करण्यास कठीण आहे. खाण्याच्या द्राक्षांत वजनाला पैसा मिळतो, वाइनच्या द्राक्षांत कमी वजनाला अधिक पैसा मिळाला तरच बागायतदाराचा संसार चालतो. आणि तो भाव मिळेल की नाही हे वाइनरीच्या करारावर अवलंबून असते. 2008 च्या मंदीनंतर वाइनचा खप बसला, अनेक वाइनरी बंद पडल्या, कराराची द्राक्षे उचलली गेली नाहीत आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा टेबल द्राक्षे लावली. टेम्प्रानियोची वेल एकदा उपटली की तिच्याबरोबर त्या शिवाराचा अनुभवही जातो, आणि अनुभवावाचून मुलखाचे नाव होत नाही.

उणे काय आहे

भौगोलिक उपदर्शनाचे प्रमाणपत्र म्हणजे नावाची नोंद. नावाचा कारभार त्याने आपोआप उभा राहत नाही. रिओहाजवळ मुरविण्याच्या श्रेणी आहेत, त्या तपासणारे मंडळ आहे, त्या मंडळात शेतकऱ्याला निम्मे मत आहे. 2009 मध्ये पुण्यास भारतीय द्राक्ष प्रक्रिया मंडळ निघाले, परंतु त्याचा रोख प्रचारावर आणि उद्योगाच्या वाढीवर होता. नाशिकच्या बाटलीवर ‘रिझर्व्ह’ असे छापलेले असले, तरी ती किती महिने पिंपात होती याची ग्वाही ती पेढी स्वतःच देते, मुलूख देत नाही.

नाशिकच्या शेतकऱ्याला असे नियम पेलवणार नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याने टेबल द्राक्षांचा इतिहास पाहावा. 2010 मध्ये लिहोसिन या वाढरोधकाचा अंश सापडल्याने युरोपने आपली द्राक्षे अडविली आणि निर्यातदारांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर बागांची नोंदणी, अंशांची तपासणी आणि प्रत्येक पेटीचा माग शेतापर्यंत लावणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था या गोष्टी त्याच शेतकऱ्याने कसोशीने पाळल्या. फवारणीची वही लिहिणारा हात मुरविण्याची वहीही लिहू शकेल. येथे शेतकऱ्याची कुवत कमी पडलेली नाही; तिला सामावून घेणारी संस्था उभी राहिलेली नाही.

मद्यनिषेधाचा पक्ष

सुरतेहून लिहिताना दुसऱ्या पक्षाला त्याचा योग्य मान दिला पाहिजे. वाइन फळांच्या रसाची असली तरी तिच्यातील मद्यार्क इतर दारूतल्यासारखाच असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा भांडारांतून वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी तीव्र विरोध केला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. वाइन ही दारू नव्हेच, असा जो युक्तिवाद त्या वेळी केला गेला, तो सत्याला धरून नव्हता आणि त्याने या धंद्याचे हित झाले नाही. ज्यांच्या आजा-आजींनी देवीच्या नावाने ताडीची मडकी फोडली, त्यांच्या नातवंडांपुढे असा युक्तिवाद टिकत नाही.

माझा अभिप्राय असा आहे की या धंद्याचे समर्थन खपाच्या वाढीवर उभे करू नये. ते उभे राहील तर थोड्या प्रमाणात, चढ्या दराने, सचोटीने विकल्या जाणाऱ्या शेतमालाच्या पायावरच उभे राहील. रिओहाचे 2023 चे शिलकी पीक हाच धडा सांगते, आणि किन्तानोची हकीकत त्याचीच दुसरी बाजू सांगते: गुणाला वेगळा भाव नसेल तर गुण मरतो, आणि केवळ परिमाण वाढत गेले तर नाव मरते.

निष्कर्ष

रिओहाचा स्वाद नाशिकने उचलू नये, तो उचलताही येणार नाही. उचलावयाचे आहे ते रिओहाचे दफ्तर. त्यासाठी महाराष्ट्र शासनाने आणि नाशिकच्या वाइन उत्पादकांनी तीन गोष्टी विनाविलंब कराव्यात. पहिली, ‘नाशिक व्हॅली’ नावासाठी स्वतंत्र नियामक मंडळ नेमून त्यात द्राक्ष बागायतदारांना निम्मी मते द्यावीत. दुसरी, उष्ण कटिबंधातील आपल्या हवामानाचा विचार करून मुरविण्याच्या श्रेणी कायद्याने ठरवाव्यात आणि प्रत्येक बाटलीवर मंडळाचा क्रमांकित शिक्का असावा. तिसरी, बागायतदारांशी होणारे करार अनेक वर्षांचे आणि नोंदणीकृत असावेत, म्हणजे मंदीचा पहिला घाव शेतकऱ्याच्या वेलीवर पडणार नाही. 1925 मध्ये रिओहाने हे काम हाती घेतले तेव्हा तेथील पहिल्या आधुनिक पेढ्यांना सुमारे सत्तर वर्षे झाली होती. नाशिकला पंचवीस झाली आहेत, आणि इतरांच्या अनुभवाने शहाणे होण्याची संधी अजून त्याच्या हाती आहे.